एका पाइपात किती सर्किटं? स्लॅब ओतायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या बेसा भागात दुमजली घराचं काम सुरू आहे, गच्चीचा स्लॅब आठवडाभरात पडायचाय. तीन एसी, दोन गीझर, किचन, दोन कूलर, बाकी दिवे-पंखे. वायरमनचं म्हणणं की जिन्याजवळच्या डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी) गच्चीच्या स्लॅबमधून २५ मिमीचा एकच पाइप नेऊ आणि त्यातूनच वरचे दोन एसी, एक गीझर आणि दोन्ही बेडरूमचे दिवे काढू. तुम्ही शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "काही होत नाही जी, वीस वर्षांपासून असंच करून राहिलो." आता तुम्हाला विचारायचंय की हे नियमात बसतं का आणि एका पाइपात नेमकी किती सर्किटं, म्हणजे डीबीतून निघणाऱ्या वेगवेगळ्या लाइनी, चालतात.

सरळ उत्तर आधी देतो. एका पाइपात एकाहून जास्त सर्किटं घालायला सरसकट बंदी नाही. घराच्या वायरचं इन्सुलेशन त्या कामासाठीच केलेलं असतं, शेजारून दुसरी वायर गेली म्हणून काही बिघडत नाही. पण तुमच्या वायरमनने एकत्र बांधलेलं हे गाठोडं, तेही नागपुरात आणि तेही गच्चीच्या स्लॅबमधून, मी माझ्या साइटवर होऊ देणार नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं, म्हणजे सीपीडब्ल्यूडीचं स्पेसिफिकेशन तर पॉवरची वायरिंग आणि लाइट-पंख्याची वायरिंग वेगळीच ठेवायला सांगतं. खासगी घराला ते बंधनकारक नाही, पण सरकारी क्वार्टरमध्ये जे पाळतात ते आपल्या घरात पाळायला हरकत काय?

तुमच्या वायरमनवर मात्र रागावू नका. त्याचं "काही होत नाही" हे खोटं नाही. दीड टनाचा एसी चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो. अडीचच्या, म्हणजे अडीच स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरला ते जड नाही. त्यामुळे घर पेटत नाही, वर्षं निघून जातात आणि त्याचा समज पक्का होत जातो. अडचण वेगळ्याच जागी आहे. ती कळायला थोडं गणित लागेल.

अडीच स्क्वेअर एमएमची साधी पीव्हीसी तांब्याची वायर, भिंतीतल्या पाइपात, एकटं एकच सर्किट, भोवतालचं तापमान ३० अंश: अशा स्थितीत तिची क्षमता २४ अँपिअर धरतात. चारची ३२, दीडची साडेसतरा. हे आकडे ३० अंशांचे आहेत हे लक्षात ठेवा. नागपूरला ३० अंश म्हणजे मे महिन्यातली पहाट. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे महिन्यात ५६ अंशांची बातमी पसरली होती, ती यंत्राच्या सेन्सरची चूक निघाली. पण ती वाचून एकाही नागपूरकराला नवल वाटलं नाही, यातच सगळं आलं.) आणि ही हवेची तापमानं झाली. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. रात्री अकरा वाजता गादी टाकायला वर गेलात तरी दोन बादल्या पाणी मारल्याशिवाय पाय ठेवता येत नाही. तुमचा पाइप त्या स्लॅबच्या पोटात आहे. म्हणून गच्चीच्या स्लॅबसाठी मी हिशेब ५० अंशांवर करतो, खालच्या भिंतींसाठी ४५ वर.

५० अंशांना साध्या पीव्हीसी वायरची क्षमता ०.७१ ने गुणायची. म्हणजे अडीचची वायर २४ वरून १७ वर आली. ४५ अंशांना गुणक ०.७९ आहे. इथवर ठीक, १७ अँपिअरच्या वायरवर १६ ची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसते.

आता त्याच पाइपात भार असलेलं दुसरं सर्किट आलं की आणखी ०.८ ने गुणायचं, तीन झाली की ०.७ ने, चार झाली की ०.६५ ने. कारण साधं आहे. वायरमधून करंट गेला की ती थोडी तापते आणि ती उष्णता पाइपातून बाहेर पडायला एकच वाट असते. अडीचच्या वायरमधून १३ अँपिअर जात असतील तर फेज (करंट नेणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत आणणारी) मिळून मीटरला सुमारे अडीच वॅट उष्णता निघते. अशी तीन सर्किटं एका पाइपात असली तर मीटरला साडेसात वॅट. जुना झिरोचा बल्ब आठवतो ना, तो नावालाच झिरो, प्रत्यक्षात १५ वॅटचा असायचा आणि हात लावला की चटका बसायचा. दर दोन मीटरला एक झिरोचा बल्ब पाइपात कोंबून वरून काँक्रीट ओतलंय असं समजा.

तर अडीचची वायर, ५० अंश, दोन सर्किटं: साडेतेरा अँपिअर. तीन सर्किटं: बारालाही थोडं कमी. आणि डीबीत त्याच वायरवर तुमचा वायरमन बसवणार १६ ची किंवा २० ची एमसीबी. एमसीबी एसीला वाचवायला नसते, वायरला वाचवायला असते. वायर बाराला हात टेकते आणि चौकीदार वीसपर्यंत झोपलेला, अशी ही व्यवस्था. आज आठ अँपिअरचा एसी आहे म्हणून चालून जातं. उद्या त्याच पॉइंटवर कुणी मल्टिप्लग लावून इस्त्री जोडली, मुलाने दीड टनाच्या जागी दोन टनाचा जुना एसी आणला, की मधली मोकळी जागा संपली.

कुणी म्हणेल, मग १० ची एमसीबी लावा. गणितात बसतं. पण ती दहाची राहात नाही. एमसीबी स्वतःसुद्धा ३० अंशांवर ठरवलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डीबीत मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता ती छापील आकड्याच्या आधीच पडते. घरात आजारी माणूस असतो, लोक चिडलेले असतात, चौकातला कुणीतरी येतो, म्हणतो एमसीबी खराब झाली आणि ३२ ची ठोकून जातो. प्रतापनगर भागातल्या एका घरात मी हेच पाहिलं. मालकांची तक्रार एवढीच होती की बेडरूममध्ये "गरम प्लास्टिकसारखा" वास येतो, तोही फक्त रात्री. एसीचा पॉइंट उघडला तर सॉकेट ठीक होतं. मग पाइपातल्या वायर ओढायला घेतल्या, त्या येईनात. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा सगळा झुबका एकदम बाहेर आला. दोन एसी, एक गीझर, दिव्यांचं एक सर्किट. चार ठिकाणी वायर एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की नखाने सोडवाव्या लागल्या. सर्वांत आतल्या न्यूट्रलचं काळं आवरण मी जरा वाकवलं तर कच्च्या कुरडईसारखं कडकन तुटलं. तांबं उघडं. शॉर्ट झाला नव्हता तो केवळ शेजारच्या वायरचं आवरण अजून शाबूत होतं म्हणून. डीबीत एमसीबी ३२ ची, वायर अडीचची.

म्हणून "किती सर्किटं" हा प्रश्न मी थोडा फिरवून विचारतो: एकाच वेळी किती सर्किटं तापणार? दिव्यांच्या सर्किटांना फारशी भीती नाही. दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, जे कमी असेल ते, अशी लाइट सर्किटची मर्यादा पूर्वापार आहे. एलईडी आल्यापासून अख्ख्या मजल्याचे दिवे दोन अँपिअरसुद्धा घेत नाहीत. वायरच्या गटातल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी करंट वाहत असेल तर ते सर्किट गटाच्या हिशेबात धरू नका, अशी सूट मानकातच आहे. त्यामुळे एकाच मजल्याची दोन-तीन लाइट सर्किटं एका पाइपातून नेलीत तर मी काही बोलणार नाही, स्वतःही नेतो. तसंच, गीझर जानेवारीत आणि एसी मेमध्ये, हा युक्तिवाद वायरमन करतात तो अगदीच टाकाऊ नाही. पण पाहुणे आलेले असताना नागपुरात मार्चमध्ये सकाळी गीझर आणि दुपारी एसी दोन्ही लागतं आणि स्लॅब लगेच थंड होत नाही. अशा सवलतीवर मी घर बांधत नाही.

दोन एसी एकत्र नेणं भागच असेल तर चारची वायर घ्या. ३२ गुणिले ०.८ गुणिले ०.७१, म्हणजे १८ अँपिअर. १६ ची एमसीबी बसली. तिसरं पॉवर सर्किट घातलंत की चारची वायरसुद्धा १५.९ वर येते, म्हणजे तिथेही गणित हुकलं. आणि हिशेब केलात तर दिसेल की अडीचची चार करायला जेवढे पैसे जातात त्याच्या तुलनेत एक जादा पाइप टाकणं किरकोळ आहे. तीन मीटरचा पाइपाचा नग म्हणजे तिघाचौघांनी खाल्लेल्या तर्रीपोह्याचं बिल. घरात सर्वांत स्वस्त वस्तू पाइपच आहे आणि आश्चर्य म्हणजे लोक काटकसर नेमकी तिथेच करतात.

आता पाइपातल्या जागेबद्दल. उष्णतेचा हिशेब बसला म्हणून वायर मावेलच असं नाही, आणि मावली म्हणून ओढता येईलच असंही नाही. सगळीकडे ४० टक्क्यांचा नियम सांगतात: वायरनी पाइपाच्या आतल्या जागेचा ४० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये. २५ मिमीचा मीडियम पाइप आतून साधारण २१ मिमी असतो. अडीचची वायर इन्सुलेशनसकट ३.७ मिमीच्या आसपास. ४० टक्क्यांनी हिशेब केला तर तब्बल १२ वायर बसतात. सीपीडब्ल्यूडीचं कोष्टक मात्र त्याच पाइपाला सरळ रांगेत ८ आणि वळण असेल तर ६ च वायर देतं. दीडच्या वायर सरळ रांगेत १०, वळणात ८. चारच्या ६ आणि ५. २० मिमीच्या पाइपात अडीचच्या सरळ ५ आणि वळण आलं की ३, म्हणजे फेज, न्यूट्रल, अर्थ, संपलं. यातली "सरळ" रांग म्हणजे दोन बॉक्समध्ये सव्वाचार मीटरच्या आत आणि १५ अंशांहून जास्त न वळलेली. घरात असा पाइप क्वचितच असतो, म्हणून दुसराच आकडा आपला समजा. तुमच्या वायरमनच्या गाठोड्यात किती वायर होतात मोजा: दोन एसीच्या चार, गीझरच्या दोन, दिव्यांच्या निदान दोन, वर अर्थ एक-दोन. दहा वायर. ४० टक्क्यांत बसतात, कोष्टकात नाहीत.

मी कोष्टकाचं ऐकतो. त्याचं कारण वही-पेनात सापडायचं नाही, वायर ओढताना सापडतं. एकजण डीबीकडून वायर सारतो, दुसरा पलीकडून स्प्रिंग ओढतो, दोन बेंड झाले की झुबका तिसऱ्याला अडतो. मग पलीकडचा पाय भिंतीला लावून जोर काढतो. त्या क्षणी आत एका वायरचं आवरण दुसऱ्या वायरच्या कडेवर घासतं आणि सोललं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. शंखजिऱ्याची पावडर लावून ओढावं, तेल किंवा ग्रीस कधी लावू नये, ही झाली युक्ती. पण मुळात अडेल इतकं भरूच नये. डीबीपासून पॉइंटपर्यंत दोनपेक्षा जास्त बेंड येत असतील तर मध्ये जंक्शन बॉक्स द्या. काटकोनी एल्बो वापरू नका, लांब बेंड घ्या किंवा स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. आणि पाइपाच्या आत सांधा नको. वायर कमी पडली म्हणून टेप गुंडाळून जोडलेली आणि पाइपात ढकललेली, असे सांधे मी इतके काढलेत की आता मोजत नाही. सांधा बॉक्समध्ये, जिथे झाकण उघडून हात पोचतो तिथेच.

उष्णता आणि जागा यापेक्षाही एका पाइपातल्या अनेक सर्किटांनी मला जो त्रास दिलाय तो न्यूट्रलचा. एका पाइपातून तीन सर्किटं निघाली की बॉक्समध्ये तीन फेज आणि तीन न्यूट्रल असायला हवेत. फेज तिन्ही असतात, कारण त्यांच्या एमसीबी वेगळ्या. न्यूट्रल मात्र "सगळे काळेच तर आहेत" म्हणून एकच आणला जातो, नाहीतर बॉक्समध्ये तिन्ही एकत्र पिळले जातात. मग तीन सर्किटांचा करंट एकाच न्यूट्रलमधून परत येतो आणि त्या न्यूट्रलला स्वतःची एमसीबी नसते. तिन्ही फेजवर बारा-बारा अँपिअर गेले, तिन्ही एकाच लाइनचे असले, तर न्यूट्रलमधून ३६ जातात. कुठलीच एमसीबी पडत नाही. थ्री फेज मीटरचं घर असेल आणि तीन सर्किटं तीन वेगळ्या फेजवर असतील तर प्रकार अजून वाईट: सामायिक न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट तुमच्या टीव्ही-फ्रिजमध्ये वाटले जातात. ज्यावर भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. एलईडी दिवे पहिले जातात.

दुसरा परिणाम आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की लाइन पाडणाऱ्या स्विचवर होतो. तुमच्या घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे. आपल्याकडे कूलर आहे, ओली फरशी आहे, लोखंडी बॉडी आहे, हँडलला हात लावून पाणी भरणारं मूल आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून आलेला करंट यांची बेरीज-वजाबाकी करत असते. नंदनवन भागातल्या एका घरात वर-खाली अशा दोन आरसीसीबी होत्या. वरच्या बाथरूमचा दिवा लावला की दोन्ही पडायच्या. आधीच्या माणसाने वैतागून दोन्ही काढून सरळ जोड देऊन टाकली होती आणि घरच्यांना सांगितलं होतं की "आपल्या इकडच्या लाइनला त्या चालत नाहीत". मी सर्व एमसीबी बंद केल्या, डीबीतले न्यूट्रल पट्टीवरून एकेक सोडवले आणि मीटरने एकेक जोडी तपासत बसलो. दीड तासाने सापडलं. जिन्याच्या बॉक्समध्ये वरच्या आणि खालच्या मजल्याचे न्यूट्रल एकाच पाइपातून येत होते. बाथरूमच्या दिव्याला फेज वरचा दिला होता, न्यूट्रल हाताशी आला तो खालचा. एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसरीतून परत येत होता, त्यामुळे दोघींनाही गळती वाटत होती. वायर एका स्क्रूखालून दुसऱ्या स्क्रूखाली गेली, काम संपलं. तोवर त्या घरात दोन उन्हाळे आरसीसीबीशिवाय कूलर चालला होता.

जिन्याच्या टू-वे स्विचलाही हेच होतं. खालच्या स्विचला फेज खालच्या सर्किटचा, वरून न्यूट्रल वरच्या सर्किटचा. महाल भागातल्या एका जुन्या घरात मी वरची एमसीबी पाडून, टेस्टरने फेज तपासून निश्चिंतपणे न्यूट्रल सोडवला आणि शिडीवरून खाली आलो, पायाने नव्हे. त्यानंतर एकाच बॉक्समध्ये दोन सर्किटं दिसली की मी मेनच बंद करतो. माझ्या हाताखालच्या मुलांनाही तेच सांगतो.

म्हणून एका पाइपात दोन सर्किटं घालायचीच असतील तर माझ्या या अटी आहेत. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा, डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत. प्रत्येक सर्किटचा फेज आणि त्याचा न्यूट्रल एकाच पाइपात, फेज इकडून आणि न्यूट्रल तिकडून असं नाही. दोन्ही सर्किटं एकाच फेजवरची आणि एकाच आरसीसीबीखालची. डीबीत आणि प्रत्येक बॉक्समध्ये वायरच्या टोकाला नंबराचे रिंग किंवा निदान चिकटपट्टीवर पेनाने नाव. अर्थ एकच असला तरी चालतो, पण तो त्यातल्या सर्वांत जाड फेजच्या मापाचा असावा, दीडचा ओढून मोकळं होऊ नये.

इन्व्हर्टरचा पाइप तर वेगळाच ठेवा, इथे मी तडजोड करत नाही. इन्व्हर्टरची लाइन महावितरणच्या लाइनसोबत एका पाइपात, एका बॉक्समध्ये असली की मेन पाडल्यावरही आत एक वायर जिवंत राहते. दुरुस्ती करणाऱ्याला ते ठाऊक नसतं. न्यूट्रल मिसळले तर इन्व्हर्टर विनाकारण ओव्हरलोड दाखवत बसतो, हे वेगळंच. टीव्ही, ब्रॉडबँड, कॅमेरा, बेल यांच्या वायरही पॉवरच्या पाइपात नकोत. त्यांचं इन्सुलेशन २३० व्होल्टसोबत राहण्यासाठी केलेलं नसतं. गच्चीवर सोलर बसवायचा विचार असेल, आणि नागपूरच्या उन्हात तो असावाच, तर पॅनेलच्या डीसी वायरना त्यांचा स्वतंत्र पाइप लागतो. गच्चीपासून मीटरपर्यंत ३२ मिमीचा एक रिकामा पाइप आत्ताच सोडून ठेवा. नंतर बाहेरून भिंतीवर पट्ट्या मारून नेलेला पाइप दरवर्षी दिवाळीच्या रंगाला तुम्हाला शिव्या देईल. पार्किंगमध्ये गाडीच्या चार्जिंगसाठीही एक पाइप टाका, आज वायर नाही घातलीत तरी चालेल.

बारीक गोष्ट, पण विचारणारे बरेच भेटतात म्हणून लिहितो. स्विच बंद केल्यावरही एलईडी दिवा काजव्यासारखा मिणमिणतो, त्याचं कारण बहुधा हाच सामायिक पाइप असतो. स्विचकडून दिव्याकडे जाणारी बंद वायर लांबवर जिवंत वायरला चिकटून गेली की तिच्यात अगदी थोडा करंट उमटतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. दिवा खराब नसतो. स्विच न्यूट्रलवर लावलेला नाही ना, तेवढं मात्र आधी तपासून घ्या, कारण तो खरा दोष आहे.

तर तुमच्या घरासाठी मी काय करेन. गच्चीच्या स्लॅबमधून प्रत्येक एसीला आपापला २५ मिमीचा पाइप, त्यात चारची फेज, न्यूट्रल आणि अर्थ. एकटाच जाणारा अडीचचा सेट २० मिमीत बसतो आणि १६ च्या एमसीबीला पुरतो, त्यामुळे पैशांची फारच ओढ असेल तर तेही चालेल. गीझर आणि किचन यांचे पाइप गच्चीतून नेऊच नका, भिंतीतून किंवा मधल्या स्लॅबमधून न्या, तिथे ऊन पोचत नाही. किचनला दोन सर्किटं द्या. मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, फिल्टर आणि फ्रिज एका वायरवर टांगू नका. एका मजल्याची दोन लाइट सर्किटं मिळून एक २५ मिमी. कूलरचे पॉइंट खिडकीजवळ पण पाण्यापासून दूर, पॉवर सर्किटवर, लाइटच्या सर्किटला लूप मारून नाही. इन्व्हर्टरचा पाइप वेगळा, डेटाचा वेगळा. २० मिमी मी फक्त स्विचबोर्डाच्या उतरणीला वापरतो.

पाइप वाढले की आरसीसीवाला, म्हणजे स्लॅबचा ठेकेदार, कुरकुर करेल आणि त्याचं एक म्हणणं बरोबर असेल. सात-आठ पाइप एकमेकांना चिकटून डीबीवर आणले तर त्या पट्ट्यात काँक्रीटच उरत नाही, तिथेच पुढे रेघ पडते. पाइप एकमेकांपासून मोकळे ठेवा, मधून खडी आणि माल उतरला पाहिजे. पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मध्ये असावेत, खाली शटरिंगला टेकलेले नकोत. एकावर एक असे तीन पाइप ओलांडू देऊ नका. बीमच्या सळया बाजूला सारून पाइप कोंबायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. पाइपावर आयएसआय मार्क आणि मीडियम किंवा हेवी हे छापलेलं पाहा, हलका पाइप व्हायब्रेटर आणि गड्याच्या पायाखाली दबतो. सांध्यांना सोल्युशन लावलंच पाहिजे. नुसता घुसवलेला पाइप माल ओतताना सुटतो, आत सिमेंटचं पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तुम्ही बंद पाइपासमोर छिन्नी घेऊन उभे राहता. हाच पाइप बंद झाला की त्यातल्या वायर शेजारच्या पाइपात ढकलल्या जातात. एका पाइपात चार सर्किटं येण्याचं हेही एक कारण आहे, ठरवून नव्हे तर नाइलाजाने.

काम झाल्यावर, पॉइंटवर काहीही जोडायच्या आधी, मेगर टेस्ट, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची तपासणी, करून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तर सगळेच तपासतात. एका पाइपात दोन सर्किटं असतील तर एका सर्किटच्या वायर आणि दुसऱ्याच्या वायर यांच्यामध्येही लावायला सांगा. ओढताना सोललेलं आवरण तिथे उघडं पडतं. किमान एक मेगओहम हवाच, पण नव्या कोरड्या वायरिंगला तो पन्नास-शंभरच्या पुढे दिसायला हवा. दोन-तीन दिसला तर "पास झालं" म्हणून सोडू नका, वायर काढून बघा. महावितरणच्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. तो नुसता सही-शिक्क्याचा कागद राहू नये, त्यातले आकडे तुमच्यासमोर मेगरवर वाचून लिहिलेले असावेत.

वायरमनशी बोलताना नियमांची पुस्तकं पुढे करू नका, तो दुखावेल आणि काम रेंगाळेल. "भाऊ, जादा पाइपाचे आणि मजुरीचे पैसे मी देतो, तुम्ही फक्त वेगळे टाका" एवढं म्हणा. नव्वद टक्के वेळा भांडण तिथेच मिटतं, कारण पॉइंटच्या ठरलेल्या दरात जादा पाइप त्याच्या खिशातून जात असतो आणि तेच तो तुम्हाला सांगू शकत नाही.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, सळईवर चढून मोबाइलने सगळ्या पाइपांचे फोटो काढा. प्रत्येक फोटोत एक कॉलम किंवा भिंतीचा कोपरा दिसू द्या आणि टेप पाइपांशेजारी पसरून ठेवा म्हणजे अंतर कळेल. पाइपांची उघडी तोंडं आणि फॅन बॉक्स ओल्या वाळूने किंवा कागदाच्या बोळ्याने बंद केलेत का ते हाताने चाचपून बघा. प्रत्येक पाइपात जीआय तार ओवलेली असू द्या. आणि डीबीच्या जागी किती तोंडं वर आलीत ती मोजून, कुठलं कुठे जातं ते मार्करने पाइपावरच लिहून ठेवा, कारण प्लास्टर झाल्यावर सगळी सारखीच दिसतात.